तिसरं कडवं

"गाण्याचं काय ठरवलंत, भाऊजी?"

हे मावशीने दारातच विचारलं. चपला काढायच्या आधी, हातातली पिशवी खाली ठेवायच्याही आधी.

"आधी आत तर या, ताई," बाबा म्हणाले. "पाणी घ्या."

"पाणी घरून पिऊन आलेय. जिना चढताना दम लागला तो पाण्याने जायचा नाही." मावशी आत आली आणि खोलीभर नजर फिरवून खुर्चीत बसली. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. माणूस असो की भिंत, ती मापं घेतल्यासारखीच बघायची. "पडदे धुतलेत वाटतं. चांगलं केलंत. माझ्या बहिणीला मळके पडदे खपायचे नाहीत."

बाबांनी मान हलवली. पडदे सुनेने धुतले होते, पण ते सांगावंसं त्यांना वाटलं नाही. मावशीपुढे सुनेचं नाव निघालं की बोलणं भलतीकडे जायचं.

नाताळचा आदला दिवस होता. खाली काचेचं दुकान दुपारीच बंद केलं होतं. दुपारचं जेवण झाल्यावर बाबांनी नेहमीसारखी झोप काढली होती आणि नेहमीसारखेच ते कोरड्या घशाने उठले होते. हल्ली रोजच असं व्हायचं. उठलं की घसा असा बसलेला, जणू कोणाशी तासभर भांडून आलोय. काच कापण्यात आयुष्य गेलं, पूड जाणारच घशात, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं.

या घरात प्रत्येकाचं एक गाणं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवे लावायच्या वेळेला, सगळ्यांनी दुकानावरच्या या मोठ्या खोलीत बसायचं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत आपापलं गाणं म्हणायचं. नाताळची गाणी चारचौघांनी मिळून म्हणायची असतात हे घरच्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बाहेर तेही सगळ्यांसारखे म्हणत. घरात मात्र एकाचं गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. ही रीत बाबांच्या बायकोच्या माहेरची. ती लग्न होऊन आली ती ट्रंकेबरोबर ही रीतही घेऊन आली.

माणूस गेलं की त्याचं गाणं येत्या नाताळला दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं. ते मागे राहिलेल्या जोडीदाराने द्यायचं. त्याने नाव घ्यायचं आणि त्या माणसाने तिथेच उभं राहून ते म्हणायचं. गाणं बिनमालकाचं ठेवू नये, असं बाबांचे सासरे म्हणायचे. का ठेवू नये, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

बाबांची बायको उन्हाळ्याच्या तोंडावर गेली. हा तिच्यानंतरचा पहिला नाताळ.

"मी सरळच बोलते," मावशी म्हणाली. "ते गाणं आमच्या आईचं. आईनंतर आमच्या वडिलांनी ते तिला दिलं. मी थोरली असून तिला दिलं. मी एक शब्द बोलले नाही. बोलले का?"

"नाही बोललात."

"मग आता ते माझ्याकडे यायला नको?"

बाबा काही बोलायच्या आत जिन्यात पावलं वाजली आणि लेक-जावई वर आले. जावई शाळेच्या बसवर ड्रायव्हर. वर्षभर पोरांचा आरडाओरडा ऐकून त्याला मोठ्याने बोलायची सवय लागली होती.

"काय मावशी, आमच्या आधी हजर! नंबर लावायला आलात?"

"तू गप रे. तुझं गाढवाचं गाणं कोणी मागत नाहीये."

जावई हसला. गाढवाचं गाणं खरंच त्याचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला सासूने ते त्याला चेष्टेने दिलं होतं. गोठ्यात बाळ जन्मलं तेव्हा ज्या गाढवाने आपली जागा दिली, त्या गाढवाचं गाणं. त्यात तीन वेळा गाढवासारखं ओरडायचं होतं. पहिल्या वर्षी तो चिडला होता. आता मात्र तो एकटा बस चालवतानाही ते म्हणायचा आणि सांगायचा, की ते म्हटलं की आपल्याला कोणीतरी घरात घेतलंय असं वाटतं.

लेकीने केकचा डबा टेबलावर ठेवला आणि मावशीकडे न बघताच विचारलं, "कुठल्या नंबरचं बोलणं चाललंय?"

"तुझ्या आईच्या गाण्याचं."

"त्यात बोलण्यासारखं काय आहे? आईचं लेकीला येतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मावशी, आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं? दुकानात रजा टाकून टाकून मालकाच्या शिव्या कोणी खाल्ल्या?" लेक औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचा मालक मोठा खवट होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी नव्हते का? डबे कोण पाठवत होतं?"

"डबे पाठवले म्हणून गाणं?"

"अगं, पण तुझं आहे ना एक! ते मेंढपाळांचं. इतकं गोड गाणं."

लेकीने केकचा डबा उगाच सरकवला. मग हळू म्हणाली, "ते मला आता गोड लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तेच म्हणत होते मनात. 'उठा गड्यांनो, उजाडलं.' आणि उजाडलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. आता पहिली ओळ आली की मला तो बाकच आठवतो."

जावयाने बायकोच्या पाठीवर हात ठेवला. धाकटा मुलगा कोपऱ्यात मेणबत्त्या लावायच्या तयारीत होता. तो बाबांबरोबर दुकानात असायचा आणि बोलण्यापेक्षा ऐकायचा जास्त. सगळे त्याला बाळ्याच म्हणत, लग्न झालं तरी.

"बाळ्या, तुझं काय मत?" मावशीने त्याला ओढलं.

"माझं काही नाही. बाबा देतील तिला द्यायचं."

"हा असाच. गुळमुळीत. बायकोला विचारल्याशिवाय मत नाही."

"ती झोपलीय मावशी. रात्रपाळी करून आलीय."

सून नर्स होती. तिचं आणि बाळ्याचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधी ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. सासूला ती एकदाच भेटली होती, दवाखान्यात, आणि तेव्हा सासूच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ती रात्री कामाला जायची, सकाळी येऊन झोपायची. तिची खोली आणि बाबांची खोली यांच्यामध्ये एक लाकडी फळ्यांची भिंत होती.

"लिलाव करा," जावई म्हणाला. "एक केक एक, एक केक दोन."

"तुला सगळ्याची थट्टा," लेक म्हणाली, पण तीही जरा हसली. मग मावशी आणि ती पुन्हा जुंपल्या. आजीने खरं म्हणजे कोणाला कबूल केलं होतं, आईच्या आवाजाशी कोणाचा आवाज जुळतो, मावशीचा आवाज वर जाताना फाटतो की नाही. बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मला कोणीच विचारत नाही, त्यांच्या मनात आलं. मला ते कोणालाच द्यायचं नाहीये. पण तसं म्हणायची सोय नव्हती. गाणं बिनमालकाचं ठेवायचं नसतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात नळ सुटला आणि कपबश्या वाजल्या. सून उठली होती.

आणि ती गुणगुणायला लागली.

आधी नुसता सूर आला. मावशीचा हात हवेतच थांबला. लेक वाक्याच्या मध्यावर थांबली. मग शब्द आले, अगदी हळू, काम करणारं माणूस स्वतःशी म्हणतं तसे.

"नीज, छोट्या पाहुण्या, वारा थांबला दारात...
एक तारा जागा आहे, भिऊ नको अंधारात..."

बाबांनी ओळखलं. तेच गाणं. 'दारात' नंतर तोच थांबा. त्यांची बायको तिथे जरा जास्तच थांबायची. गाणारी मंडळी थांबतात त्याहून अंमळ जास्त.

दुसरं कडवं झालं. आत कपबश्या विसळल्या जात होत्या. बाबांना वाटलं, झालं, संपलं. गाणं दोनच कडव्यांचं होतं. पण आतला आवाज पुढे गेला.

"नीज, छोट्या पाहुण्या, दार मी लावलं नाही...
तुला झोप लागेपर्यंत इथून मी उठत नाही..."

मावशी उठून उभी राहिली. तिचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला होता.

"हे कोणी शिकवलं तिला?"

नळ बंद झाला. सून ओल्या हातांनीच दारात आली. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिने पदराला हात पुसले. "काय झालं? चहा ठेवलाय मी."

"तू शिकवलंस!" मावशी बाळ्यावर धावली. "अजून आईला वर्ष झालं नाही आणि तू तिचं गाणं बायकोला शिकवून ठेवलंस? म्हणजे आज इथे नाव घ्यायला सोपं!"

"मावशी, मी नाही. आईशप्पथ."

"आईची शपथ घेऊ नकोस आज!"

"अगं, पण मी कशाला शिकवेन? आणि ते शेवटचं कडवं तर मीच आज ऐकलं. आई कुठे म्हणायची ते?"

"तेच विचारतेय मी," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "तेच विचारतेय."

सून गोंधळून एकेकाकडे बघत होती. "हे आईंचं गाणं आहे? मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, घरात सगळेच म्हणत असतील. बाबा रोज म्हणतात ना."

जावई फस्सकन हसला. "बाबा? अगं, बाबांनी नुसतं 'या, बसा' म्हटलं तरी ते बेसूर लागतं!"

लेकही हसली. हसण्यासारखंच होतं. बाबांचं स्वतःचं गाणं तीन वाटसरूंचं होतं, तारा बघत चालत निघालेल्या म्हाताऱ्यांचं, आणि बाबा ते गात नसत. बोलत. काचेची ऑर्डर वाचून दाखवावी तसं. दरवर्षी मुलं उशीत तोंड खुपसून हसायची आणि त्यांची आई सगळ्यांना डोळे वटारायची.

"मी गातो?" बाबांनी विचारलं. "कधी?"

"दुपारी. तुम्ही झोपलेले असता तेव्हा." सुनेने अडखळत सांगितलं. "मी पलीकडे पडलेली असते. फळ्यांतून सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा वाटलं रेडिओ लागलाय. कारण आवाज तुमचा नसतो, बाबा. बाईचा असतो."

आता कोणी हसलं नाही.

"एकदा मी येऊन बघितलं. दार लोटलेलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ओठ हलत होते." तिने बाळ्याकडे पाहिलं. "रागावू नका. मला वाटलं तुम्हाला ऐकवावं. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. नंतर लावून बघितलं तर त्यात काहीच नाही. तुमचा श्वास तेवढा आहे. आणि खालून जाणाऱ्या गाड्या."

"झोपेत माणसं बोलतात," जावई म्हणाला, पण त्याच्या आवाजातला नेहमीचा जोर गेला होता. "बायकोबरोबर इतकी वर्षं काढली. ऐकून ऐकून पाठ झालं असेल."

"तिसरं कडवं कुठे ऐकलं?" मावशी म्हणाली.

ती पुन्हा खुर्चीत बसली. तिने सांगितलं ते बाबांनाही नवं होतं. या दोघी बहिणींच्या पाठीवर एक भाऊ झाला होता. फार दिवस जगला नाही. आजारपणात त्यांची आई त्याच्याजवळ बसून हे गाणं म्हणायची, आणि हे तिसरं कडवं सगळ्यात जास्त. तुला झोप लागेपर्यंत इथून मी उठत नाही. एका दुपारी कोणीतरी दारात आलं म्हणून ती क्षणभर उठली, आणि परत आली तोवर मूल गेलं होतं. त्यानंतर आईने ते कडवं टाकून दिलं. दोघी मुलींकडून वचन घेतलं, की हे कधी कोणासमोर म्हणायचं नाही.

"आम्ही दोघींनी ते आपसातसुद्धा कधी म्हटलं नाही," मावशी म्हणाली. "भाऊजी, तिने तुम्हाला कधी सांगितलं होतं?"

"नाही." बाबांनी मान हलवली. "भाऊ होता हेच आज कळतंय."

"मग तुमच्या तोंडून ते येतं कुठून?"

चहा आत उकळून उकळून कडू झाला असावा, वास येत होता. सून जाऊन गॅस बंद करून आली.

आणि मग तासाभरापूर्वीची भांडणं उलटीपालटी झाली. मघाशी गाणं मागणारी मावशी आता म्हणायला लागली, की मला नको, पण कोणाला तरी द्या, आजच द्या. "वडील म्हणायचे ते यासाठी. गाणं बिनमालकाचं राहिलं म्हणून ती अडकलीय. नाव घ्या, म्हणजे ती सुटेल."

"कशाला सुटायला हवी?" लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "येतेय ना ती? येऊ दे. बाबा, कोणालाच देऊ नका. मला नको ते गाणं. मावशीलाही नको."

"वेड लागलंय तुला? रोज दुपारी एक मेलेलं माणूस..."

"ते माणूस माझी आई आहे!"

"माझी बहीण आहे! मला कळत नाही का?"

"बाबांच्या तब्येतीचं बघा कोणीतरी," बाळ्या म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही.

बाबा उठले आणि आपल्या खोलीत गेले. पलंग होता तसाच होता. बायको गेल्यापासून ते तिच्या बाजूला झोपत, भिंतीकडे. त्यांनी चादरीवरून हात फिरवला. रोज इथे, आपल्याच तोंडातून. आणि घरात आपण एकटेच असे, की ज्याला ते ऐकू येत नाही. ती रोज येते आणि ती आली की मी झोपलेला असतो.

सून दारात येऊन उभी राहिली होती.

"आत ये," ते म्हणाले. "मला एक सांग. कशी म्हणते?"

"म्हणजे?"

"घाईत म्हणते, की सावकाश? दमलेली वाटते का? शेवटी शेवटी तिला फार दम लागायचा."

"नाही, बाबा. दमलेली नाही वाटत. अगदी सावकाश. 'दारात' म्हटलं की थांबते. पाळण्यातलं मूल झोपलंय का ते वाकून बघतात ना, तेवढा वेळ."

बाबांनी मान हलवली. ते बरोबर होतं. "माझ्याबद्दल काही बोलते?"

"नाही. गाणंच नुसतं."

"तुला भीती नाही वाटत?"

सुनेने जरा विचार केला. "पहिल्या दिवशी वाटली. डोक्यावरून पांघरूण घेऊन बसले होते. आमच्याकडे वॉर्डात इतकं बघते मी, पण घरात वेगळं असतं. नंतर असं झालं... रात्रपाळीनंतर मला झोप यायची नाही, बाबा. वर्षानुवर्षं. आता ते सुरू झालं की लागते. तिसऱ्या कडव्यापर्यंत मी कधीकधी जागीच नसते."

"मी तुझं नाव घेतलं तर?"

"तर म्हणेन. नाही कशाला म्हणू?" ती किंचित हसली. "पण मग मला कोण झोपवणार?"

बाबाही हसले. मग बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिले. नाव घेतलं तर आज, या घरात, ते गाणं जागेपणी ऐकायला मिळेल. दुसऱ्या कोणाच्या आवाजात, एकदा. आणि मावशी म्हणते तसं असेल तर उद्या दुपारी या खोलीत नुसती झोप उरेल. नाव नाही घेतलं तर ती येत राहील, आणि आपल्याला ते कधीच कळणार नाही. दोन्हींत तिचा आवाज आपल्या वाट्याला नव्हता.

"चला," ते म्हणाले. "उजेड गेला."

मेणबत्त्या लावल्या होत्या. सगळे गोल बसले. मावशी आणि लेक एकमेकींच्या शेजारी आल्या होत्या, ते कसं झालं कोणी पाहिलं नव्हतं. बाळ्याने सुरुवात केली. त्याचं गाणं छोटं, खिडकीत ठेवलेल्या दिव्याचं. तो म्हणायचा, की ते म्हटलं की त्याला शाळेतून उशिरा घरी आल्यासारखं वाटतं आणि आई खिडकीत उभी दिसते. आज तो खिडकीकडे न बघता म्हणाला. मग लेकीची पाळी. ती 'उठा गड्यांनो' म्हणाली आणि अडली. मावशीने तिचा हात धरला. रीत मोडून तिने सूर धरला नाही, नुसता हात धरला, आणि लेकीने गाणं पुरं केलं. मग जावई. त्याचा आवाज भरदार होता, खाली दुकानात उभ्या ठेवलेल्या काचांना त्याने नेहमी कंप सुटायचा. तीनदा तो गाढवासारखा ओरडला. कोणी हसलं नाही तेव्हा तोच ओशाळला.

आता बाबांच्या बायकोची पाळी होती.

सगळे बाबांकडे बघू लागले.

"माझं गाणं मी सुनेला देतो," बाबा म्हणाले. "तीन वाटसरूंचं. त्याला सूर लागत नाही, त्यामुळे तिला त्रास होणार नाही."

"भाऊजी, ते नाही विचारलं," मावशी म्हणाली. "आणि जिवंतपणी कोणी आपलं गाणं देतं का?"

"माणसाकडे एकच गाणं असायला हवं ना? म्हणून दिलं." ते उठून उभे राहिले. "तिचं मी घेतो."

"तुम्ही?" मावशीने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला सूर कुठला?"

"नाहीये. पण नाव मी घ्यायचं आहे ना? घेतलं."

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "म्हणजे ती जाईल का?"

"माहीत नाही, बाळ. माझ्याकडे असेल तर कुठे जाईल? आणि जाणारच असेल तर निदान मी जागा असेन."

त्यांनी घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा ते गायला उभे राहिले होते.

"नीज, छोट्या पाहुण्या..."

आवाज आला तो त्यांचाच. खरखरीत, बसका, सुराच्या आसपास कुठेही नसलेला. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी जमिनीकडे बघत पुढची ओळ म्हटली. हसू आलं नाही कोणाला. 'दारात' नंतर ते थांबले, ती थांबायची तेवढं, आणि त्या थांब्यात त्यांनी कान देऊन ऐकलं. काही नव्हतं. मेणबत्तीची वात तडतडली तेवढीच. एक तारा जागा आहे. पुन्हा त्यांचाच घोगरा आवाज.

दुसऱ्या कडव्यात त्यांनी वर पाहिलं.

जावयाचं तोंड उघडं होतं. मोठ्याने बोलणारा तो माणूस श्वाससुद्धा धरून बसला होता. लेक मावशीला बिलगली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंडावर रडं नव्हतं. लहानपणी ताप उतरल्यावर ती अशी दिसायची. मावशीने डोळे मिटून घेतले होते. बाळ्या बाबांकडे बघतच नव्हता. तो त्यांच्या खांद्याच्या जरा मागे, जरा वर बघत होता. सुनेने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि तिच्या पापण्या जड होत होत्या.

बाबांना मागे वळून बघावंसं वाटलं. वळलो तर गाणं तुटेल, या भीतीने ते वळले नाहीत.

दोन कडवी झाली. तिसरं त्यांना येत नव्हतं. आज दुपारी एकदा कानावर पडलं तेवढंच. पण तोंड थांबलं नाही. दार मी लावलं नाही. शब्द आपोआप येत होते, आणि ऐकू येत होतं ते त्याच फुटक्या आवाजात. ते जिवाचा कान करून ऐकत राहिले. स्वतःच्या आवाजाखाली, आवाजाच्या मागे, श्वास घेताना. काही नाही. मग त्यांनी ऐकायचं सोडून दिलं आणि समोर बघितलं. ती सावकाश म्हणत होती, हे त्यांना बाळ्याच्या डोळ्यांत दिसलं. ती दमलेली नव्हती, हे लेकीच्या तोंडावर दिसलं. मावशीचे मिटलेले ओठ एका जागी थरथरले तेव्हा त्यांना कळलं, की ती आता 'उठत नाही'पाशी आली.

बाबांचं म्हणून झालं. ते गप्प उभे राहिले.

समोरचे सगळे अजून ऐकत होते.